हवामानाचा सल्ला बोलणारी माणसे

कोरडवाहू शेतकऱ्याच्या वर्षाची सारी मदार एका निर्णयावर असते, आणि तो निर्णय म्हणजे पेरणीचा दिवस. जमीन तीच, बियाणे तेच, मेहनतही तीच. परंतु आठ दिवस आधी किंवा आठ दिवस उशिरा पेरलेल्या दोन शेजारच्या वावरांत सुगीच्या वेळी जमीन-अस्मानाचा फरक पडलेला दिसतो. हा दिवस ठरविण्यास आजवर नक्षत्रांचा आधार घेतला जाई. मृग निघाला की तिफण सज्ज करावयाची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ होता. नक्षत्रे सूर्याच्या गतीवर बांधलेली असल्यामुळे ती आपली तारीख चुकवीत नाहीत. पाऊस मात्र ती पाळीनासा झाला आहे. मुंबईस मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख, २०२० साली हवामान खात्याने केलेल्या फेररचनेनुसार, ११ जून ही आहे. २०२३ साली तो २५ जूनला पोहोचला आणि २०२५ साली २६ मे रोजीच दाखल झाला. अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने पडलेला हा तीस दिवसांचा फरक आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. पाऊस केव्हा येईल हे जसे अनिश्चित झाले, तसेच आल्यावर तो किती एकदम कोसळेल हेही अनिश्चित झाले.

अशा काळात हवामानाशी जुळवून घेण्याचा सल्ला देणाऱ्या बोलक्या मालिका, ज्यांना पॉडकास्ट म्हणतात, भ्रमणध्वनीवर ठिकठिकाणी ऐकू येऊ लागल्या आहेत. विद्यापीठे, कृषिविज्ञान केंद्रे, स्वयंसेवी संस्था आणि काही हौशी तरुण शेतकरीही त्या तयार करीत आहेत. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही बोललेला शब्द पोहोचतो, आणि बैलामागे चालताना किंवा गोठ्यात धार काढतानाही तो ऐकता येतो. म्हणून या साधनाचे महत्त्व मोठे आहे. ऐकणाऱ्यास आवाज एकच ऐकू येतो. त्या आवाजामागे किती माणसे उभी असतात, त्यांपैकी एकानेही आपले काम अर्धवट केले तर शेतात काय घडते, आणि या कामाचा जो अनुभव आपल्या गाठीस आहे तो काय सांगतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पर्जन्यमापकापासून माइकपर्यंत

या साखळीतील पहिला मनुष्य कधीच बोलत नाही. तो सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातील पाणी मोजतो आणि मागील चोवीस तासांचा आकडा वहीत लिहितो. आता अनेक ठिकाणी हे काम स्वयंचलित यंत्रे करतात. परंतु यंत्राच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला तर तो काढावयास मनुष्यच लागतो. त्या आकड्यावरून आणि वाऱ्याच्या, दाबाच्या नोंदींवरून हवामानतज्ज्ञ अंदाज बांधतात. त्या अंदाजाचा पिकाशी मेळ घालून कृषिशास्त्रज्ञ सल्ला लिहितात. शेतीसाठी हवामानाचा स्वतंत्र अभ्यास करणारा विभाग हवामान खात्याने १९३२ साली पुण्यात डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली उघडला आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानवृत्त नभोवाणीवरून देण्यास प्रारंभ झाला. आज हवामानावर आधारित कृषिसल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. म्हणजे शास्त्राची बाजू उणी आहे असे म्हणता येत नाही. अडचण पुढच्या टप्प्यावर, म्हणजे तो सल्ला बोलणाऱ्याच्या तोंडी येताना उद्भवते.

एकच उदाहरण घ्यावे. अंदाजात 'तुरळक ठिकाणी पाऊस' असे शब्द असतात. हवामान खात्याच्या परिभाषेत त्यांचा अर्थ अगदी काटेकोर आहे: त्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी शेकडा २५ किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस होईल. २६ ते ५० टक्के केंद्रे असली तर 'काही ठिकाणी', ५१ ते ७५ टक्के असली तर 'बऱ्याच ठिकाणी' आणि त्याहून अधिक असली तर 'बहुतेक ठिकाणी' असा चढता क्रम आहे. समजा, एखाद्या विभागात चाळीस केंद्रे आहेत. तर 'तुरळक' म्हणजे फार तर दहा केंद्रांवर पाऊस आणि निदान तीस कोरडी. शिवाय अडीच मिलिमीटर पाऊस झाला तरी तो दिवस पावसाचा धरला जातो, ज्याने ढेकूळही नीट भिजत नाही. परंतु ऐकणाऱ्याच्या कानी 'तुरळक' हा शब्द निसटतो आणि 'पाऊस' एवढाच शब्द उरतो. तो पाऊस त्याच्या शिवारात पडत नाही, तेव्हा खाते खोटे बोलले असा त्याचा ग्रह होतो. वस्तुतः खात्याने खरेच सांगितले होते. ते उलगडून सांगण्याचे काम ज्याचे होते त्याने ते केले नाही.

याहून महाग पडणारी चूक 'मान्सून दाखल झाला' या वाक्याने होते. हे वाक्य वारे, ढग आणि ठरावीक केंद्रांवरील पाऊस पाहून केलेली शास्त्रीय घोषणा होय. ती पेरणीची दवंडी नव्हे. पेरणीयोग्य पाऊस म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर, आणि तोही जमिनीत पुरेशी खोल ओल साठेल असा. वरची दोन-तीन बोटे माती ओली पाहून सोयाबीन पेरले तर बी फुगते, मोड येतो, दोन दले वर येतात. परंतु खाली ओल नसल्यामुळे दहा-बारा दिवसांची उघडीप पडताच कोवळे रोप माना टाकते. मग दुबार पेरणी. पहिल्या पेरणीबरोबर बियाणे गेलेले असते, खत गेलेले असते, औताची मजुरी गेलेली असते, आणि दुसऱ्या खेपेचे बियाणे उसनवारीने किंवा व्याजाच्या पैशाने आणावे लागते. २०२५ साली हेच संकट समोर उभे राहिले. पाऊस मे महिन्यातच आला म्हणून गावोगाव आनंद झाला. परंतु मेअखेर त्याची वाटचाल थबकली आणि जूनच्या मध्याच्या सुमारासच ती पुन्हा सुरू झाली. त्या वेळी पेरणीची घाई करू नये असे कृषी विभागाने वारंवार सांगितले. ज्या गावात हा निरोप विश्वासाच्या माणसाच्या तोंडून पोहोचला असेल, त्या गावातील बियाण्याची पोती आणखी काही दिवस शिवलेली राहिली असतील. बोलणाऱ्या माणसाचे काम किती मोलाचे आहे हे यावरून ध्यानी यावे.

पुण्याचा प्रयोग, १९५६

नुसते बोलून भागत नाही, ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाही. सत्तर वर्षांमागे पुण्यातच तिचा पद्धतशीर पडताळा घेण्यात आला होता. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालत असत. शेजारीपाजारी एका घरी जमून नभोवाणीवरील कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले मत लिहून केंद्राकडे पाठवीत. हीच पद्धत भारतीय खेड्यास मानवेल काय, हे पाहण्यासाठी युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठीभाषिक जिल्ह्यांतील सुमारे १५० खेडी त्यासाठी निवडण्यात आली. पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा, असे एकूण २० कार्यक्रम झाले. परिणामांची तपासणी टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आली होती व ती पॉल न्यूरथ यांनी पाहिली. त्यांचा आणि आकाशवाणीचे तत्कालीन प्रमुख जगदीशचंद्र माथुर यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला.

या प्रयोगाचा आत्मा कार्यक्रमात जेवढा होता त्याहून अधिक तो गावातील निमंत्रकात होता. प्रत्येक मंडळास एक अध्यक्ष व एक निमंत्रक असे. रेडिओ वेळेवर लावणे, मंडळी जमविणे, कार्यक्रम संपताच 'मग आपल्या गावात हे जमेल का?' असा प्रश्न टाकून चर्चा उघडणे आणि ती संपल्यावर प्रतिवृत्त लिहून केंद्राकडे धाडणे, हे सारे निमंत्रकाच्या अंगावर असे. या प्रतिवृत्तांतील प्रश्नांना पुढील कार्यक्रमांत उत्तरे मिळत. आपल्या मंडळाने विचारलेली शंका पुण्याहून बोलली जाते, हे ऐकल्यावर ऐकणारी मंडळी पुढच्या बैठकीस आपण होऊन येत. मंडळे असलेल्या व नसलेल्या गावांची तुलना केली असता, मंडळांच्या सभासदांच्या माहितीत ठळक वाढ दिसली. मंडळ नसलेल्या गावांत ती फारच थोडी होती. विशेष म्हणजे निरक्षर सभासदांनाही चर्चेचा चांगला लाभ झाला होता.

१९५९ पासून ही योजना देशाच्या इतर भागांत पसरविण्यात आली. मंडळांची संख्या झपाट्याने वाढली. परंतु प्रयोगात प्रत्येक मंडळाची जी निगा राखली गेली होती ती विस्तारात राखली गेली नाही. प्रतिवृत्त पाठवूनही उत्तर येत नसेल तर प्रतिवृत्त लिहिण्याचे कारण उरत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी मंडळे कागदावरच राहिली. यंत्रे विकत घेता येतात आणि कार्यक्रम आखता येतो, पण निमंत्रक असा घाऊक मिळत नाही. पुण्यात आकाशवाणी आणि हवामान कचेरी ही दोन्ही ठिकाणे शिवाजीनगर भागातच आहेत. त्या दोहोंना खेड्यातील चावडीशी जोडणारा धागा मात्र तो निमंत्रकच होता.

श्रोतृमंडळांच्या त्याच कॅनडात पुढे जॉर्ज अ‍ॅटकिन्स नावाच्या शेती-निवेदकाने हाच धडा निराळ्या वाटेने शिकला. १९७५ साली झांबियात एका बसमधून जात असता त्याने सिएरा लिओन देशाच्या निवेदकास विचारले की, आपण अलीकडे शेतकऱ्यांना काय सांगितले? ट्रॅक्टरच्या स्पार्क प्लगची निगा कशी राखावी हे सांगितले, असे उत्तर आले. त्याच्या देशातील बहुतेक शेतकऱ्यांजवळ ट्रॅक्टर नव्हतेच. परदेशी पुस्तकांतून आलेले ज्ञान तो इमानाने वाचून दाखवीत होता, एवढेच. अ‍ॅटकिन्सने १९७९ मध्ये, शेतकऱ्याजवळ जे आहे त्यातूनच करता येईल अशा गोष्टींची संहिता तयार करून २६ देशांतील ३४ निवेदकांना पाठविली. त्या उपक्रमातून पुढे 'फार्म रेडिओ इंटरनॅशनल' ही संस्था उभी राहिली.

माचनूरच्या नरसम्मा

तेलंगणात, बिदरपासून जवळच, जहीराबादच्या परिसरात माचनूर नावाचे खेडे आहे. तेथे बोलणारी माणसे बाहेरून आणावीच लागली नाहीत. या कोरडवाहू भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेने गरीब, बहुतांशी दलित स्त्रियांचे संघ उभारले. संस्थेचे एक संस्थापक पी. व्ही. सतीश हे मूळचे दूरदर्शनमधील निर्माते होते. २०२३ साली त्यांचे निधन झाले. माचनूर येथे ध्वनिमुद्रणाची खोली युनेस्कोच्या साहाय्याने १९९८ सालीच बांधून तयार होती, परंतु प्रक्षेपणाची परवानगी नव्हती. म्हणून या स्त्रियांनी कार्यक्रम ध्वनिफितींवर मुद्रित केले आणि त्या फिती गावोगावच्या संघांच्या बैठकींतून वाजविल्या. ही गोष्ट आजच्या पॉडकास्टच्या फार जवळची आहे: मनोऱ्यावाचून, हातोहात पोहोचलेला कार्यक्रम.

प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला होता. तो देणाऱ्या न्यायपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. २००६ मध्ये सामाजिक संस्थांना रेडिओ केंद्र चालविण्याची मुभा मिळाली आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी 'संघम् रेडिओ' सुरू झाला. त्याचे उद्‌घाटन करण्यास न्यायमूर्ती सावंत हेच आले होते. केंद्राची जबाबदारी 'जनरल' नरसम्मा व अलगोल नरसम्मा या दोन तरुण स्त्रियांनी उचलली. एकाच नावाच्या या दोघी मुलाखती घेत, मुद्रण करीत आणि संकलनही स्वतःच करीत. सायंकाळी कामकरी स्त्रिया शेतावरून परतल्यावर, ७ ते ९ या वेळात प्रक्षेपण होई. भाषा पुस्तकी तेलुगू नव्हे, तर त्या भागातील बोली.

त्या बोलत कशाविषयी? ज्वारी, राळा, तूर, वाटाणा, जवस यांसारखी अनेक पिके एकाच वावरात मिसळून कशी पेरावी, बियाणे घरी कसे जपावे, कोणत्या पिकास उघडीप सोसते. हवामानबदल हा शब्द तेथे क्वचितच लागे, पण विषय तोच होता. एकच पीक घेणाऱ्याचे नशीब एकाच पावसाशी बांधलेले असते. भरड धान्ये थोड्या ओलीवर तग धरतात, तुरीचे मूळ खोल जाते, एखादे पीक लवकर निघते आणि दुसरे उशिरा. त्यामुळे पावसाने कोठेही दगा दिला तरी काही ना काही घरात येते. हे ज्ञान त्या भागातील म्हाताऱ्या स्त्रियांजवळ आधीच होते. माइकने ते एका आजीकडून शेजारच्या गावातील सुनेपर्यंत नेले. शास्त्रज्ञाची वाणी येथे गौण झाली म्हणून शास्त्र उणावले असे नव्हे; ज्या प्रश्नाचे उत्तर गावातच आहे त्यासाठी बाहेर जाण्याचे कारण नव्हते. उलट, पाच दिवसांचा पर्जन्याचा अंदाज कोणत्याही आजीस सांगता येणार नाही, तो हवामान कचेरीतूनच आला पाहिजे. कोणती गोष्ट कोणी सांगावी हे ओळखणे यातच निवेदकाचे कौशल्य आहे.

नव्या साधनाची अडचण आणि तिचा उपाय

रेडिओवरील शब्द हवेत विरून जातो. पॉडकास्ट मात्र फोनमध्ये राहतो. हा त्याचा गुण असून दोषही तोच आहे. मंगळवारी दिलेला पाच दिवसांचा सल्ला एखादा शेतकरी बारा दिवसांनी ऐकतो आणि त्या उघडिपीच्या भरवशावर फवारणी करतो; तोवर आभाळ भरून आलेले असते. म्हणून नाशवंत मजकूर आणि टिकाऊ मजकूर एका भागात मिसळू नयेत. रुंद वरंबा व सरी पद्धतीने पेरणी कशी करावी, बियाण्याची उगवणक्षमता घरी कशी तपासावी, शेततळ्याची जागा कशी निवडावी, हे विषय वर्षभर ऐकण्याजोगे आहेत. अंदाजाचा भाग वेगळा, लहान आणि तारखेने सुरू होणारा असावा: 'हा सल्ला अमुक तारखेपर्यंतच धरावा' हे वाक्य आरंभी आणि अखेरीस, दोन्ही वेळा उच्चारले पाहिजे.

बोलण्याची रीत कशी असावी, याचा लहानसा नमुना पुढे दिला आहे. निवेदक शेतावर गेला असून तेथील शेतकऱ्याशी बोलत आहे.

'काका, परवा पाऊस झाला म्हणता, मग पेरणी का थांबवली?'

'झाला खरा. पण पहारीनं उकरून बघितलं, वीतभर खाली माती कोरडीच.'

'गावच्या मापकावर आत्तापर्यंत चाळीस मिलिमीटर भरलाय. पेरायला निदान पंचाहत्तर तरी हवा. पुढच्या पाच दिवसांत पाऊस सांगितलाय तो तुरळक, म्हणजे चार गावांत फार तर एका गावी.'

'म्हणजे आमच्या गावी येईल की नाही, ते काही सांगता यायचं नाही.'

'नाही यायचं, काका. म्हणून बी घरात ठेवलंत हे बरं केलंत.'

या संवादात एकही अवघड शब्द नाही, तरी त्यात मोजलेला पाऊस आला, मर्यादा आली, अंदाजाची परिभाषा आली, आणि जे सांगता येत नाही ते सांगता येत नाही असे उघड म्हटले गेले. शेवटची गोष्ट अनेक निवेदकांना जड जाते. आपण ठाम बोललो नाही तर लोक ऐकणार नाहीत, असे त्यांना वाटते. अनुभव उलट आहे: शेतकरी आयुष्यभर शक्यतांशीच व्यवहार करीत आलेला असतो, आणि खोट्या खात्रीची किंमत त्याला बियाण्याच्या रूपाने मोजावी लागलेली असते.

भ्रमणध्वनीमुळे ऐकणे एकट्याचे झाले आहे, ही दुसरी अडचण होय. कानात यंत्र घालून ऐकणाऱ्यास शेजारी शंका विचारीत नाही. त्यास उपाय म्हणून गावातील शेतकरी गट, महिला बचत गट किंवा ग्रामपंचायत यांच्या ठरलेल्या बैठकीत आठवड्यातून एकदा तो भाग मोठ्याने वाजवावा. पंधरा मिनिटे ऐकणे आणि निदान तेवढाच वेळ बोलणे, एवढे प्रमाण पुरे. निमंत्रक म्हणून शिकलेलाच मनुष्य हवा असे नाही. मात्र ज्याच्या शब्दास गावात मान आहे आणि जो स्वतः कमी बोलतो, असा पाहावा. पावसाचा आकडा ज्या केंद्रावरून घेतला जातो त्याचे गावापासूनचे अंतर त्याला ठाऊक असावे, कारण पहिला प्रश्न नेहमी त्याविषयीच येतो. बैठकीत निघालेले प्रश्न त्याने एका वहीत, विचारणाऱ्याच्या शब्दांतच उतरवावेत आणि त्याच दिवशी मालिका तयार करणाऱ्यांकडे बोलून पाठवावेत. उत्तर तयार नसेल तर पुढील भागात तसे सांगावे आणि ते केव्हा मिळेल त्याची तारीख द्यावी. उत्तर देताना प्रश्न कोणत्या गावाहून आला हे आधी सांगावे.